यादीतील न दिसणारी अक्षरे

शाळा, पतपेढी, बचत गट, कोठेही जा. याद्या आता संगणकावरच तयार होतात. आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुलेमुली डेटा एन्ट्रीच्या कामावर आहेत. त्यांच्या कामातील एक अडचण या वेळी समजून घेऊ.

शिष्यवृत्तीची यादी घ्या. विद्यार्थ्याचा खाते क्रमांक पासबुकात ११ आकडी आहे. यादीतही तेच ११ आकडे दिसतात. तरी दुसऱ्या यादीशी ताडून पाहिले की संगणक म्हणतो, जुळत नाही. नाव बाजूला पडते. आईबाप रोजी बुडवून पासबुक घेऊन हेलपाटे घालतात. पुष्कळदा चूक पासबुकात नसतेच. त्या आकड्यांच्या शेपटीला एक न दिसणारे चिन्ह चिकटलेले असते.

अशा चिन्हांना कंट्रोल कॅरॅक्टर म्हणतात. १९६३ साली अमेरिकेत आस्की ही संकेतावली प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यातील १२८ संकेतांपैकी ० ते ३१ आणि १२७ असे ३३ संकेत अक्षरांचे नाहीत. ते यंत्राला दिलेले हुकूम आहेत. तार ऑफिसात असत तसल्या टेलिप्रिंटरला ७ म्हणजे घंटा वाजव, १० म्हणजे कागद एक ओळ पुढे सरकव, १३ म्हणजे ओळीच्या सुरुवातीला परत ये. आपल्याकडची तारसेवा २०१३ साली बंद झाली, पण हे हुकूम फाईलींत अजून जिवंत आहेत. विंडोजच्या साध्या मजकुराच्या फाईलीत ओळ संपली की १३ आणि १० दोन्ही पडतात, लिनक्समध्ये फक्त १०. फाईल इकडून तिकडे नेताना १३ कधी कधी ओळीच्या शेवटी तसाच राहतो.

ओळखायचे कसे? एक्सेलमध्ये लेन हे सूत्र अक्षरे मोजते. आकडे ११ आणि उत्तर १२ आले, तर पाहुणा घुसला आहे असे समजा. राइट सूत्राने शेवटचे चिन्ह वेगळे काढा आणि कोड सूत्राला द्या; त्याचा क्रमांक कळेल. साध्या मजकुराची फाईल असेल तर नोटपॅड प्लस प्लसच्या व्ह्यू मेनूत शो सिम्बॉल, त्यात शो ऑल कॅरॅक्टर्स निवडा. लपलेली चिन्हे समोर येतील.

काढण्यापूर्वी मूळ फाईलची नक्कल ठेवा. मग क्लीन सूत्र वापरा. ते ० ते ३१ पर्यंतचे संकेत काढते. जादा मोकळ्या जागा ट्रिम काढते. वेबसाइटवरून उचललेल्या मजकुरातील १६० क्रमांकाची मोकळी जागा मात्र या दोघांनाही हलत नाही. तिच्यासाठी सब्स्टिट्यूट सूत्र लागते. शेवटी लेनने पुन्हा मोजा.

दोन गोष्टी सांभाळा. एकाच रकान्यात दोन ओळींत लिहिलेला पत्ता असेल तर क्लीनने त्या ओळी एकमेकींना चिकटतात. म्हणून आधी १० च्या जागी मोकळी जागा घाला.

दुसरी गोष्ट मराठीची. न दिसणारे प्रत्येक चिन्ह निरुपयोगी नसते. युनिकोडमध्ये दोन अक्षरांचा सांधा दाखवणारे एक अदृश्य चिन्ह आहे. काही टंकलेखनात 'आचाऱ्यास' मधला अर्धा र त्याच्यावरच उभा असतो. सरसकट सफाईत ते पुसले गेले, तर 'आचार्यास' होते. स्वयंपाक करणारा आचारी क्षणात आचार्य होतो! यादीतल्या नावाचेही असेच होऊ शकते. म्हणून आधी चिन्ह ओळखा, मगच काढा.

मुलामुलींनो, यादी जुळली नाही तर समोरच्या माणसाला खोटे ठरवून परत पाठवू नका. आधी अक्षरे मोजा. तुमची दोन मिनिटे जातील, पण एखाद्या घराची दिवसाची मजुरी वाचेल.