प्रवेशिका क्रमांक १०२६ : वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आराखडा स्पर्धेत का उतरावे?

१/ एप्रिल १९८१ची अखेर. वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज हवाई तळावरील विमानांच्या एका प्रचंड हँगरमध्ये १,४२१ आराखडे मांडले होते. व्हिएतनाम युद्धात प्राण गमावलेल्या अमेरिकन सैनिकांचे स्मारक कसे असावे, याची ती उत्तरे होती. एकाही आराखड्यावर नाव नव्हते, केवळ क्रमांक होता. आठ परीक्षकांनी एकमताने निवडला तो क्रमांक १०२६.

२/ हा आराखडा होता येल विद्यापीठात पदवीचे शिक्षण घेणाऱ्या माया लिन यांचा. वय वर्षे २१. नावावर एकही इमारत नाही, व्यवसायाचा परवाना नाही. अठरा वर्षे पूर्ण केलेल्या कोणाही अमेरिकन नागरिकाला स्पर्धा खुली होती, एवढ्याच बळावर त्या तिथवर पोहोचल्या.

३/ ‘आधी पदवी घ्यावी, अनुभव घ्यावा, मग स्पर्धांचे पाहावे’ हा सल्ला वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना नेहमीच मिळतो. तो देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. तरीही इतिहासाचा दाखला त्याच्या विरुद्ध जातो.

४/ पहिले कारण निनावीपणाचे. व्यवसायात काम मिळते ते ओळखीवर, पूर्वीच्या कामांवर, घराण्यावर. निनावी स्पर्धेत मात्र कागदच तेवढा बोलतो. लिन यांचे नाव जाहीर झाल्यावर त्यांच्या आशियाई वंशावरून हिणकस शेरे मारले गेले. क्रमांकाऐवजी नाव लिहिलेले असते, तर आपली निवड झाली असती का, हा प्रश्न पुढे स्वतः लिन यांनीच विचारला. उत्तर सांगण्याची गरज नाही.

५/ दुसरे कारण शिक्षणाचे. महाविद्यालयात विद्यार्थी आपल्या शीटशेजारी उभा राहतो. रेघ अपुरी पडली की जीभ मदतीला धावते. स्पर्धेत ही सोय नाही. लिन यांच्या शीटवर मृदू, जवळजवळ अमूर्त अशी पेस्टल चित्रे होती आणि सोबत हाताने लिहिलेले टिपण. आपल्या अनुपस्थितीत आपली कल्पना परक्या माणसाला कळेल का, ही कसोटी वर्गात क्वचितच लागते.

६/ तिसरे कारण बंधनांचे. स्मारकावर सर्व मृतांची नावे हवीत, ते चिंतनशील असावे, परिसराशी सुसंगत असावे आणि युद्धाविषयी राजकीय विधान करणारे नसावे, अशा अटी होत्या. लिन यांनी जमिनीत उतरत जाणाऱ्या काळ्या ग्रॅनाइटच्या दोन भिंती कल्पिल्या. एक वॉशिंग्टन स्मारकाकडे निर्देश करते, दुसरी लिंकन स्मारकाकडे. नावे वर्णानुक्रमे न लावता मृत्यूच्या क्रमाने लावली. अटींनी कल्पनेचा गळा घोटला नाही, तिला आकार दिला. (त्या भिंतींचा दगड आपल्या शेजारचा, बेंगळूरुहून गेलेला.)

७/ आक्षेप मात्र गंभीर आहे. विजेता एक, उरलेल्या १,४२० जणांच्या रात्रींचे काय? स्पर्धा म्हणजे तरुणांकडून फुकट करून घेतलेले काम, असे म्हणणाऱ्यांना उडवून लावता येत नाही.

८/ येथे फ्लॉरेन्स आठवावे. १४०१ साली तेथील बाप्तिस्मागृहाच्या कांस्यद्वारासाठी स्पर्धा झाली. काम मिळाले विशीतल्या गिबर्तीला. त्याच्याच वयाचा ब्रुनेलेस्की मागे पडला. १४१८ मध्ये कॅथेड्रलच्या घुमटासाठी पुन्हा स्पर्धा झाली आणि पुन्हा हे दोघे समोरासमोर आले. १४३६ मध्ये पूर्ण झालेला तो घुमट आज ब्रुनेलेस्कीच्या नावाने ओळखला जातो. १४०१चे दोघांचेही नमुने बार्जेलो संग्रहालयात जपलेले आहेत. हरलेला नमुनाही इतिहासाने टाकून दिला नाही.

९/ म्हणून स्पर्धा पारखून घ्यावी. परीक्षकांची नावे जाहीर आहेत का? प्रवेशिका निनावी आहेत का? आराखड्याचे हक्क कोणाकडे राहतात? प्रवेशशुल्क परवडणारे आहे का? ही उत्तरे समाधानकारक नसतील, तर खुशाल पाठ फिरवावी. असतील, तर वर्षातून एकदा तरी उतरावे.

१०/ विजयानंतरही लिन यांची वाट सोपी नव्हती. त्यांच्या भिंतीला ‘लाजेची काळी जखम’ म्हटले गेले. तडजोड म्हणून परिसरात तीन सैनिकांचा पुतळा आणि ध्वजस्तंभ आले. पण भिंत बदलली नाही. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी तिचे लोकार्पण झाले. आज तिच्यावर ५८,०००हून अधिक नावे आहेत आणि आप्त त्यांवर कागद ठेवून पेन्सिलीने ती अक्षरे उतरवून घेतात.

११/ हे सारे सुरू झाले वर्गातल्या एका अभ्यासकामातून. थडगी व स्मारके यांच्या रचनेवरील अभ्यासवर्गासाठी केलेला तो आराखडा वर्गातच राहिला असता, तर त्याला एक श्रेणी मिळाली असती आणि तो कुठल्याशा फाइलीत पडून राहिला असता. तो टपालात पडला, एवढाच फरक.

(समाप्त)