बॅकअप होता, उघडून पाहिला नव्हता

मागच्या मे महिन्यात आमच्या वर्ध्याच्या कार्यालयातला सर्व्हर बंद पडला. वर्ध्याचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसच्या आसपास आणि विजेची ये-जा. हार्ड डिस्क गेली, असे दुरुस्तीवाल्याने सांगितले तेव्हाही मी निश्चिंत होतो. "बॅकअप आहे," असे सगळ्यांना सांगून मोकळा झालो. ती प्रणाली मीच सांभाळतो. त्यामुळे पुढे जी चूक सांगतो आहे, ती माझीच आहे.

आमची संस्था लहान आहे. सेलू आणि आर्वी तालुक्यांतल्या काही गावांत शेततळी आणि विहीर खोलीकरणाची कामे करते. कोणत्या शेतात काम कुठवर आले, जबाबदारी कोणाकडे, मोजमाप, फोटो, शेतकऱ्याने भरलेल्या लोकवाट्याची पावती, हे सगळे एका प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमध्ये असते. दर रात्री त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर जायची. सकाळी त्या तारखेची फाइल दिसली की माझे समाधान व्हायचे.

त्या दिवशी पहिल्यांदाच फाइल उघडायला गेलो. आकार शून्य. आदल्या दिवशीची पाहिली, तीही शून्य. डिस्क सहा आठवड्यांपूर्वीच भरली होती. रोज नवी फाइल तयार होत होती, आत काही जात नव्हते. शेवटी सहा आठवडे जुनी प्रत नव्या मशीनवर चढवली. कामांची यादी परत आली, पण पावत्या आणि फोटो कुठेच नव्हते. रेडमाइनसारख्या प्रणालीत नोंदी डेटाबेसमध्ये राहतात आणि जोडलेल्या फायली वेगळ्या फोल्डरमध्ये. दोन्हींची प्रत घ्यावी, असे तिच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलेले आहे. मी फक्त डेटाबेसची घेत होतो.

हे फक्त आमच्यासारख्या छोट्या कार्यालयात होते असे नाही. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेसचे फोल्डर पुसले गेले. सुमारे 300 जीबी माहिती होती. प्रत ठेवण्याच्या पाच पद्धती कागदावर होत्या, पण ऐन वेळी एकीवरही भरवसा ठेवता आला नाही. नियमित बॅकअप फसत होता आणि तो फसल्याचे ईमेलही कोणाला पोचत नव्हते. एकाने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली प्रत होती, तिच्यावर निभावले. 2022 च्या एप्रिलमध्ये ॲटलासियनच्या सुमारे 775 ग्राहकांची जिरासारखी साधने बंद पडली. त्यांच्याकडे बॅकअप होते, तरीही शेवटच्या ग्राहकापर्यंत पोचायला दोन आठवडे लागले. इतक्या जणांची माहिती एकदम परत आणायची तयारीच नव्हती.

आम्ही हरवलेले सहा आठवडे कसे जोडले? प्रत्येक बदलाचा ईमेल प्रणाली पाठवत असे. ते ईमेल तारखेप्रमाणे लावले. कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲपवरून फोटो मिळवले. मोजमापाच्या वह्या काढल्या. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती काही सापडल्या, काही सापडल्याच नाहीत.

खरा प्रश्न इथे उभा राहिला. बैठकीत कोणीतरी सुचवले की, ज्यांच्या लोकवाट्याची नोंद मिळत नाही, त्या शेतकऱ्यांनी मूळ पावती घेऊन कार्यालयात यावे. ऐकायला सरळ वाटते. पण एका काकूंनी पावती रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती, आणि त्यांच्याच शेजाऱ्याची पावती पावसात भिजून गेली होती. तो म्हणाला, "पैसे तर तुमच्याच माणसाच्या हातात दिले ना भाऊ." त्याचे काय चुकले?

21 जून 2012 रोजी मंत्रालयाला आग लागली, तेव्हा अनेक विभागांच्या फायली जळाल्या आणि कित्येक फायली इतर कार्यालयांतल्या प्रतींवरून पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. अशा वेळी फायलीत नाव असलेला माणूस मात्र कागद शोधत फिरतो. जुना कागद शोधायची दगदग काय असते, हे आपल्या वस्त्यांत कोणाला वेगळे सांगायला नको. नोंद सांभाळणाऱ्याकडून हरवली, तर ती परत उभी करण्याचा भारही त्यानेच उचलला पाहिजे. आम्ही शेवटी तसेच ठरवले. आमची नोंद गेली असेल तिथे शेतकऱ्याचा शब्द मानायचा, आणि विचारायला आम्ही गावात जायचे.

त्या दिवसांत मला रमजानची तरावीह आठवत होती. इमामाच्या जागी उभे असलेले हाफिजसाहेब कुरआन तोंडपाठ म्हणतात. मागच्या सफेत दुसरे हाफिज कान देऊन ऐकत असतात. कुठे अडखळले, एखादा शब्द सुटला, तर तिथल्या तिथे लुकमा देतात. "माझे पाठ आहे" एवढ्यावर कोणी थांबत नाही. दरवर्षी सगळ्यांसमोर म्हणून दाखवावे लागते, आणि तपासणारा दुसरा असतो. कुरआनची आणि सॉफ्टवेअरची तुलना मला करायची नाही. पण ही शिस्त लहानपणापासून डोळ्यांसमोर असूनही माझ्या कामात मी ती आणली नाही, याची लाज वाटली.

आता आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एका जुन्या कॉम्प्युटरवर बॅकअप पूर्ण चढवून पाहतात. एखादे गाव निवडतात, त्यातली एक पावती उघडतात. एक प्रत कार्यालयाबाहेर असते. आणि ही तपासणी मी करत नाही. आमची हिशेबनीस करते. तिला पावती उघडता आली, तरच बॅकअप झाला असे वहीत लिहायचे. मागच्या महिन्यात तिला एक पावती उघडली नाही. तिने मला लुकमा दिला.