तळ्यातील गवत आणि गवत्या मासा



निर्ण्याकडील व एकंदर बिदर-कलबुर्गी सीमेवरील तळ्यांत पाणगवत माजले, जाळी अडकू लागली, की कोणीतरी सुचवितो, "गवत्या मासा सोडा, म्हणजे झाले!" सूचना वाईट नाही, परंतु तिच्यामागील हिशेब आपल्या कुटुंबांनी समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

हा मासा मूळचा चीनमधील मोठ्या नद्यांचा. १९५९ साली तो हाँगकाँगहून कटक येथे आणण्यात आला व पुढे देशभर गेला. हायड्रिलासारखे बुडालेले कोवळे गवत त्याला प्रिय. जलपर्णीला तो सहसा तोंड लावीत नाही. त्याला जठर नसते. खाल्लेल्यापैकी जवळजवळ निम्मे न पचताच बाहेर पडते. म्हणजे गवत जाते, त्यातील खत मात्र तळ्यातच राहते. त्यावर सूक्ष्म शेवाळ पोसते, पाणी हिरवे होते, तळाशी ऊन पोहोचत नाही आणि गवत पुन्हा उगवत नाही.

शास्त्रज्ञ हे सारे गणितात मांडतात. हॉलंडचे मार्टेन शेफर यांनी १९९३ साली दाखविले, की उथळ तळ्याच्या दोन स्थिर अवस्था असू शकतात: एक गवताची व निर्मळ, दुसरी शेवाळाची व गढूळ. पहिलीतून दुसरीत तळे एकाएकी लोटले जाते. परतणे मात्र कठीण. म्हणून मासे कमी पडले तर गवत हटत नाही, किंचित अधिक झाले तर समूळ जाते. शिवाय बोटाएवढे पिल्लू पुढे कित्येक किलोंचे होते. संख्या तीच, भूक अनेक पट.

अमेरिकेतील टेक्सासच्या कॉनरो सरोवरात १९८१-८२ मध्ये सुमारे २,७०,००० गवत्या मासे सोडण्यात आले. १९८३ च्या अखेरीपर्यंत बुडालेले गवत संपले. पाण्याची निर्मळता घटली आणि गवतात आसरा घेणारे लहान मासेही ओसरले.

समाधान एवढेच, की हा मासा तळ्याच्या साचलेल्या पाण्यात वीण करीत नाही. त्यास मोठी वाहती नदी लागते. तेव्हा त्याची संख्या आपल्याच हाती राहते. प्रथम गवत कोणते ते ओळखावे. थोडेच मासे सोडून वर्षभर पाहावे. वाढलेले मासे वेळीच काढावेत. आणि काठालगतचा एक पट्टा बांबूच्या कुडाने वेढून गवतासह राखावा, कारण तेथेच इतर मासळीची पिले वाढतात. ज्या तळ्यावर आपली गुरे पाणी पितात, त्याची निर्मळता एका हंगामाच्या सोयीपायी गमावू नये.