माल कोणत्या वाटेने जाणार, ते आधी ठरवा

ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर. या पट्ट्यात छोटा धंदा करणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. कुणाची एमआयडीसीत शेड आहे, कुणाचा भाड्याचा गाळा, कुणी घरातून मसाले विकतं.

तुमची जागा मोक्याची आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्यालाच आली. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. तिथून एक फाटा कसाऱ्यावरून नाशिकला गेला, दुसरा कर्जतवरून पुण्याला. रस्तेही तसेच फुटतात. नाशिकचा महामार्ग, घोडबंदरवरून गुजरातची वाट, शिळफाट्यावरून पनवेल आणि न्हावाशेवाचं बंदर, मुरबाडवरून माळशेज. जून २०२५ पासून नागपूरहून येणारा समृद्धी महामार्गही भिवंडी तालुक्यात आमणे इथे येऊन मिळतो.

पण रस्ता दाराशी आहे म्हणून तो आपोआप तुमच्या कामी येत नाही. चुकीच्या बाजूला गाळा घेतलात, तर त्याच रस्त्यावर तुमचं भाडं आणि तुमचा दिवस दोन्ही वाया जातात.

म्हणून गाळा बघायला जाण्याआधी एक वही घ्या. गेल्या वर्षी तुमचा माल कुठे कुठे गेला आणि कच्चा माल कुठून आला, ते गावांच्या नावांसकट लिहा. मग नकाशा बघा. माल नाशिक-धुळ्याकडे जात असेल तर पडघा-वडप्याची बाजू बरी. बंदरावर जात असेल तर शीळ-तळोजा बघा, म्हणजे मुंब्रा बायपास ओलांडावा लागणार नाही. गुजरातकडे जात असेल तर अंजूरफाटा-चिंचोटी रस्त्याजवळ राहा. गिऱ्हाईक मुंबईतलं असेल तर ठाण्यातला महाग गाळाही परवडतो. भाड्यात वाचलेले पैसे डिझेलमध्ये जात असतील, तर ती बचत नव्हे.

भिवंडीत एवढी गोदामं का झाली, ठाऊक आहे ना? मुंबईची जकात एकदम भरायला नको, माल गरजेपुरताच आत न्यायचा, म्हणून व्यापाऱ्यांनी तो हद्दीबाहेर साठवला. १ जुलै २०१७ ला जकात गेली. गोदामं राहिली, कारण रस्ते तिथेच आहेत. मात्र सगळ्या शेड कायदेशीर नाहीत. आगाऊ रक्कम देण्याआधी सातबारा, बांधकामाची परवानगी आणि अग्निशमनाचा दाखला डोळ्यांनी बघा. "सगळं आहे हो" यावर विसंबू नका. आग लागली की विमा कंपनी हेच कागद मागते.

पावसाचंही विचारा. २६ जुलै २००५ चा पूर तुम्हाला आठवत असेल. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली होती. नदीच्या किंवा खाडीच्या बाजूचा गाळा असेल, तर शेजारच्या चहावाल्याला विचारा, पाणी कुठवर आलं होतं. तो बरोबर हात लावून दाखवेल. त्या खुणेच्या वरच माल ठेवा.

मोठ्या गाड्यांना ठाणे शहरात दिवसा ठरावीक तासच सोडतात. रस्त्याची कामं निघाली, सण आले की वेळा बदलतात. वाहतूक पोलिसांची सूचना बघूनच गाडी बोलवा. माल संध्याकाळपर्यंत बांधून तयार ठेवा. गाडी तुमच्या दारात थांबली, तर हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवल्याचं भाडं, तुम्हीच भरणार.

भाडं कमी करायचं असेल तर परतीची गाडी शोधा. कल्याणच्या बाजार समितीत भाजी-कांदा उतरवून गाड्या परत जातात. अशा गाडीचा चालक रिकामं जाण्यापेक्षा कमी भाड्यातही माल घेतो. तुमचा माल थोडाच असेल, तर शेजारच्या दोन-तीन गाळेवाल्यांना धरा आणि मिळून एक गाडी भरा. अगदी किरकोळ माल दादर-मशीदला पोचवायचा असेल, तर दुपारच्या लोकलचा लगेजचा डबा आहेच. सामानाचं तिकीट मात्र काढा.

आता सर्वांत महत्त्वाचं. बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराची मालाची पावती, घेतल्याशिवाय गाडी सोडू नका. गाडीवाला ओळखीचा असला तरी नाही. बिल्टीवर मालाची खरी किंमत लिहा. किंमत सांगून जादा जोखमीचा दर भरला नसेल, तर माल हरवल्यावर वाहतूकदाराची जबाबदारी साधारण भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहते. म्हणजे ४,००० रुपये भाड्यावर ४०,०००, मग माल तीन लाखांचा का असेना. महाग मालाचा विमाही काढा. तक्रार करायची असेल तर माल बुक केल्यापासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्या.

माल राज्याबाहेर जात असेल आणि ५०,००० च्या वरचा असेल, तर ई-वे बिल लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ती मर्यादा एक लाख आहे. दर २०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत असते. गाडी घाटात बंद पडली तर घाबरू नका. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. हे तुमच्या चालकालाही सांगून ठेवा, कारण रात्री दोन वाजता फोन त्याचाच येणार.

आणि गाळ्यात त्याच्यासाठी पाणी आणि संडास उघडा ठेवा. रात्रभर घाट उतरून आलेल्या माणसाला दोन तास झोपू द्या, मग माल भरा. परत तो घाट त्यालाच चढायचा आहे.