अन्डू नसलेलं लेणं

परवा भाच्याने मोठ्या अभिमानाने मला भाजे लेणं दाखवलं. संगणकावर! माइनक्राफ्ट नावाच्या खेळात दगडावर दगड रचून त्याने चैत्यगृह उभं केलं होतं. आधी खांब, मग कमानदार छत, आत स्तूप. दिसायला छान जमलं होतं, आणि तरीही पार चुकलं होतं.

चूक त्याची नाही. इमारत म्हटली की ती खालून वर बांधायची, हेच आपण मुलांना शिकवतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं भाजे मात्र कुणी बांधलेलंच नाही. ते डोंगरातून कोरून काढलंय, छताकडून खाली येत येत.

रविवारी आम्ही दोघं लोकलने मळवलीला उतरलो आणि लेण्याच्या पायऱ्या चढलो. चैत्यगृहातले अष्टकोनी खांब आत झुकलेले आहेत. "मामा, हे पडतायत का?" लाकडी घरात छताचा रेटा पेलायला खांब तिरके लागतात. कातळाला त्याची गरज नाही, पण सुताराची सवय दगडात उतरली. दर्शनी भागाचं लाकूड गेलंय, खोबणी तेवढ्या उरल्यात. जवळच कार्ल्याला छताच्या लाकडी फासळ्या आजही आहेत, पण त्यांनी काहीच तोलून धरलेलं नाही!

२०२५ च्या जुलैत शेजारचा लोहगड युनेस्कोच्या यादीत गेला. आता मावळातल्या वास्तूंची मॉडेलं शाळांमध्ये येतील, यावीतही. गेलेलं लाकूड परत लावून बघणं, फासळ्या काढून छत पडतं का ते तपासणं, हे फोटोत जमत नाही. पण लेण्यांचं तयार मॉडेल नुसतं गोल फिरवून दाखवू नका. मुलांना अखंड डोंगर द्या आणि वजाबाकी करायला सांगा. संगणक नसेल तर साबणाची वडी आणि जुना चमचाही चालेल.

घरी आल्यावर भाच्याने सगळं पुसलं, एक डोंगर केला आणि वरून पोखरायला घेतला. खांबासाठी राखलेला दगड चुकून उडाला. त्याने लगेच तो परत बसवला. मी विचारलं, "त्या कारागिराला हे करता आलं असतं का रे?"

तो थांबला. मग म्हणाला, "म्हणजे तिथे भिंतीवर लोकांनी नावं कोरलीत, तीही आता निघणार नाहीत?"

असो. मॉडेलने एवढं शिकवलं तरी पुष्कळ झालं. पण हा प्रश्न पडायला एकदा तरी मळवलीला उतरावं लागतं, असं मला तरी वाटतं.