सोमवारची बाग

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून फर्दापूरच्या टी-पॉइंटवरचं माझं गारगोट्यांचं दुकानही सोमवारी बंद. आठवड्यातला तेवढा एकच दिवस माझा. अंगणातल्या बागेचं काम त्या एका दिवसात उरकलं पाहिजे. जी बाग रोज हाक मारते ती मला परवडत नाही.

हे शहाणपण मी पैसे मोजून घेतलंय. तीन वर्षांपूर्वी शहरातल्या एका रोपवाटिकेतून एचेव्हेरियाच्या सहा कुंड्या आणल्या. निळसर कमळं वाटावीत अशी झाडं, कुंड्या पांढऱ्याशुभ्र चिनीमातीच्या, बुडाला भोक नाही. "काही करावं लागत नाही भाऊ, नुसती ठेवून द्या," विकणारा म्हणाला. मे महिना त्यांनी कसाबसा काढला. जुलैत झड लागली आणि आठ दिवसांत सहाच्या सहा चहात बुडवलेल्या पावासारखी झाली.

तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगत सुटलोय, की आपल्याकडे ही जाड पानांची झाडं उन्हानं कमी आणि ओलीनं जास्त मरतात. त्यांची रीतच उलटी. बाकीची झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडतात. ही दिवसा मिटून बसतात आणि रात्री उघडतात. पाणी वाचतं ते त्यामुळे. एचेव्हेरिया मेक्सिकोच्या डोंगरातली, तिला गार रात्रीची सवय. आमच्याकडे रात्रीही भिंती तापलेल्या, त्यात मुळाशी चिखल. ती बिचारी करणार काय?

म्हणून बाग करायची तर झाड शेवटी निवडावं. आधी एका पावसात छत्री घेऊन अंगणात उभं राहावं आणि पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं ते बघावं. माझ्या अंगणात काळी माती होती. कापसाला ती सोन्यासारखी, कोरफडीला मात्र फास. एकदा भिजली की आठवडा आठवडा सुकत नाही. मी हातभर खणून ती काढली, तळाला फुटक्या गारगोट्या भरल्या आणि वर दोन घमेली मुरमाला एक घमेलं पोयटा, ओंजळभर जुनं शेणखत असं मिसळून जमिनीपेक्षा वीतभर उंच वरंबा केला. गंमत अशी, की आमच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत हे स्फटिक तयार होतात ते झिरपणाऱ्या पाण्यामुळेच. माझ्या धंद्याला पाणी लागतं, माझ्या बागेला ते निघून जायला हवं.

झाडं विकत घेतली नाहीत. शेताच्या बांधावरून त्रिधारी निवडुंगाचं कांडं आणलं, शेजारच्या वहिनींकडून पानफुटीचं एक पान, मामाच्या गावाहून घायपाताचं पिल्लू. तोडलेलं कांडं लगेच रोवायचं नाही. चार-पाच दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यायची, नाहीतर तिथूनच सडतं. घायपात पश्चिमेच्या भिंतीला, कारण दुपारचं ऊन त्यालाच सोसतं. शिवाय त्याच्या पानांची टोकं पोरांच्या वाटेत नकोत. कोरफड पेरूच्या विरळ सावलीत. भर उन्हात ती तांबूस पडते. निवडुंग कुंपणाशी. त्याचा चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो, म्हणून छाटताना चष्मा लावतो. बायको हसते, हसू दे.

पाण्याचा हिशोब सोपा. उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी एकदा, थंडीत महिन्याला एकदा, पावसाळ्यात थेंबही नाही. कुंडीतलं झाड असेल तर कुंडी उचलून बघायची. हलकी लागली तरच पाणी. पिठ्या ढेकूण दिसला की साबणाच्या पाण्यात बुडवलेला बोळा फिरवायचा. झालं सोमवारचं काम.

काही मित्र म्हणतात, देशीच झाडं लावा. मला तो आग्रह अर्धाच पटतो. आपण आजीबाईच्या बटव्यातली म्हणून मिरवतो ती कोरफड अरबस्तानाकडची, घायपात मेक्सिकोचा, आणि बांधावरचा फड्या निवडुंगही अमेरिकेतून आलेला. तो इतका माजला होता, की 1926 साली श्रीलंकेतून त्याला खाणारा कोचिनीयल कीडा आणून सोडावा लागला. खरं इथलं झाड म्हणजे माकडशिंग. पण ते डोंगराच्या कपारीतून उपटून कुंडीत लावणाऱ्यांवर माझा खरा राग आहे. तिथे ते कुणी पाणी न घालता जगतं. तुमच्या खिडकीत त्याचं काय अडलंय?

त्याहून मोठा राग हिरवळीवर. मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर, वाघूर नदी कोरडी, बाया टँकरजवळ हंडे घेऊन उभ्या, आणि कुणाच्या तरी दारात गवतावर फवारा फिरतोय. ज्यांना तेही नको ते अख्खं अंगण पेव्हर ब्लॉकनं झाकून 'कटकट मिटली' म्हणतात. मग पावसाचं पाणी उंबऱ्याशी येतं आणि संध्याकाळी अंगण तव्यासारखं तापतं. कमी राबायचंय ना, मग मुरूम टाका आणि चार घायपात लावा.

माझ्या या सगळ्या शिस्तीला घरात एकच विरोधक आहे. आई. तिला न मागता जगणारं झाड मान्यच नाही. "झाड हाये ते, त्याले तहान लागत नसंल का?" म्हणत ती भांडी विसळलेलं पाणी कोरफडीला घालायची. दोन कोरफडी तिच्या मायेनं गेल्या. शेवटी मी मोरीच्या तोंडाशी तिच्यासाठी मोगरा आणि अळू लावलं. घाल म्हटलं हवं तेवढं पाणी. ती खूश आहे, मोगराही बहरलाय. तरी मागच्या सोमवारी कोरफडीच्या बुडाशी बोट घालून बघितलं, तर मुरूम ओला होता आणि त्यात भाताची दोन शितं.