विश्लेषण : प्रोस्टेटला सूज म्हणजे महिनाभर प्रतिजैविके? दर वेळी नाही…

लघवीला जळजळ, ओटीपोटात ठणका, फार वेळ खुर्चीत बसले की खालच्या बाजूला दडपण. अशा वेळी पुरुष आधी गप्प बसतो, मग मोबाइलवर शोधतो आणि शेवटी मेडिकलमध्ये जाऊन ‘काहीतरी स्ट्राँग द्या’ म्हणतो. हातात पडते ते बहुतेकदा सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन किंवा लेव्होफ्लॉक्सॅसिन. ही तिन्ही फ्लुरोक्विनोलोन या एकाच गटातली प्रतिजैविके आहेत. या गटाच्या वापरावर युरोप, अमेरिका आणि ब्रिटनमधील औषध नियामकांनी गेल्या काही वर्षांत निर्बंध कडक केले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनने तर दुसरे योग्य प्रतिजैविक उपलब्ध असेल तर हे देऊ नका, असेच सांगितले. मग प्रोस्टेटच्या रुग्णाने काय घ्यायचे?

आजार एक नाही, चार आहेत

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्रनलिका तिच्यातूनच जाते, म्हणून ती सुजली की लघवीची तक्रार सुरू होते. वाढत्या वयात ग्रंथी मोठी होणे हा वेगळा प्रकार. सूज तिशी-पस्तिशीतही येते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने केलेले वर्गीकरण जगभर वापरले जाते. पहिला प्रकार, जिवाणूंमुळे अचानक आलेली सूज. दुसरा, जिवाणूंचा पुन्हा पुन्हा उलटणारा जुनाट संसर्ग. तिसरा, तीन महिन्यांहून अधिक काळ ओटीपोटात दुखणे, पण तपासणीत जिवाणू न सापडणे. चौथ्यात त्रासच नसतो, दुसऱ्या कारणासाठी केलेल्या तपासणीत सूज कळते.

गोम इथे आहे. एकूण रुग्णांपैकी ९० टक्क्यांच्या आसपास तिसऱ्या प्रकारातले असतात. जिवाणू सिद्ध होतो तो दहातल्या एखाद्याच रुग्णात. आणि चिठ्ठीवर प्रतिजैविक मात्र जवळपास सगळ्यांच्याच येते. एरर कोड न वाचता पार्ट बदलत सुटण्यासारखेच हे.

जिवाणू असेल तेव्हा…

पहिल्या प्रकारात थंडी वाजून ताप येतो, लघवी तुंबू शकते. हे घरी थांबण्याचे दुखणे नव्हे. गरज पडली तर रुग्णालयात शिरेतून प्रतिजैविक द्यावे लागते, पुढे गोळ्या धरून उपचार साधारण दोन ते चार आठवडे चालतो. जुनाट संसर्गात चार ते सहा आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच गोळ्या सोडल्या तर संसर्ग उलटण्याची भीती असते.

एवढा काळ का? कारण रक्तातून प्रोस्टेटच्या आत शिरणे बऱ्याच प्रतिजैविकांना जमत नाही. लघवीच्या साध्या संसर्गावर चालणारे नायट्रोफ्युरँटॉइन इथे कुचकामी ठरते. फ्लुरोक्विनोलोन मात्र आत चांगले पोहोचतात, म्हणून त्यांचा इतका बोलबाला. कोट्रायमोक्साझोलही पोहोचते. क्लॅमिडियासारख्या संसर्गात डॉक्सिसायक्लिन दिले जाते आणि दाद न देणाऱ्या जिवाणूंसाठी फॉस्फोमायसिनचा विचार होतो.

भारतात यात आणखी एक अडचण आहे. या संसर्गामागे सर्वाधिक वेळा ई-कोलाय जिवाणू असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जाळ्यातील रुग्णालयांत तपासलेल्या ई-कोलायच्या बहुसंख्य नमुन्यांवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन चालत नाही. हे नमुने मोठ्या रुग्णालयांतले, म्हणजे तुलनेने गुंतागुंतीच्या रुग्णांचे आहेत हे खरे. तरी अंदाजाने गोळी सुरू करण्यापूर्वी लघवीचे कल्चर करणे किती गरजेचे आहे, हे त्यातून दिसते. गोळी घेतल्यावर केलेले कल्चर फसवे असू शकते, म्हणून नमुना आधी द्यावा.

जिवाणू नसेल तर?

या गटातल्या रुग्णांची परवड सर्वाधिक होते. अमेरिका-कॅनडात १९६ पुरुषांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि टॅम्सुलोसिन सहा आठवडे देऊन पाहिले गेले. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेल्या हुबेहूब गोळीच्या तुलनेत ठळक फायदा दिसला नाही. २००८ मध्ये अल्फुझोसिनच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात २७२ रुग्ण होते. औषध घेणारे ४९.३ टक्के सुधारले आणि प्लासिबो घेणारेही ४९.३ टक्केच! मज्जातंतूंच्या वेदनेवरचे प्रीगाबॅलिन २०१० मध्ये ३२४ रुग्णांवर तपासले गेले, तेही मुख्य कसोटीवर कमी पडले.

याचा अर्थ काहीच चालत नाही असा नाही. सगळ्यांना एकच गोळी चालत नाही, एवढाच. लघवीची धार अडकत असेल तर टॅम्सुलोसिनसारखे औषध काहींना दिलासा देते. त्याने चक्कर येऊ शकते, वीर्यस्खलनात फरक पडतो आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांना हे औषध घेत असल्याचे सांगावेच लागते. दुखणे मुख्य असेल तर काही काळ वेदनाशामक, ओटीपोटाचे स्नायू आखडले असतील तर फिजिओथेरपी. चीनमध्ये ४४० रुग्णांवरील चाचणीत आठ आठवड्यांच्या अॅक्युपंक्चरने ६०.६ टक्के, तर दिखाऊ सुयांनी ३६.८ टक्के रुग्ण सुधारले, हे निष्कर्ष २०२१ चे. गोळ्यांच्या चाचण्यांशेजारी हे आकडे ठेवून पाहण्यासारखे आहेत.

निर्बंध कशासाठी?

अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये फ्लुरोक्विनोलोनच्या वेष्टनावर कंडरा तुटण्याचा ठळक इशारा छापायला लावला. धोका मुख्यतः टाचेच्या कंडरेला. साठीपुढील आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांत तो अधिक. पुढे मज्जातंतूंना इजा, महाधमनीला तडा, रक्तातील साखर एकदम उतरणे यांची भर पडली. नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय औषध संस्थेने जिथे हे औषध वापरूच नये त्यात जिवाणू नसलेल्या प्रोस्टेटच्या जुनाट सुजेचे उदाहरण नाव घेऊन दिले.

आपल्याकडे लेव्होफ्लॉक्सॅसिन २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ मध्ये आहे. चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, विक्रीची नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने प्रतिजैविक लिहिताना त्याचे कारणही चिठ्ठीवर लिहावे, असे वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांना कळवले आणि औषधविक्रेत्यांना नियमाची आठवण दिली. काउंटरवर हा नियम किती पाळला जातो, हे वाचकांना सांगायला नको. क्षयरोगाच्या देशात हे अधिक गंभीर आहे. लेव्होफ्लॉक्सॅसिन हे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरचेही औषध आहे. ते उगाच घेतले तर दडलेला क्षय उशिरा कळू शकतो, आणि क्षय प्रोस्टेटलाही होतो.

डॉक्टरांना काय विचारावे?

कल्चरमध्ये काय आले, आपला प्रकार कोणता आणि औषध किती दिवस, हे तीन प्रश्न विचारायला लाजू नये. सिप्रोफ्लॉक्सॅसिन सुरू असेल तर स्नायू सैल करणारे टिझानिडीन सोबत चालत नाही, रक्तदाब धोकादायक उतरू शकतो. कंबर-ओटीपोटाच्या दुखण्यात ही दोन्ही औषधे दोन वेगळ्या डॉक्टरांकडून येऊ शकतात, म्हणून आधीच्या चिठ्ठ्या दाखवाव्यात. दूध, कॅल्शियम, लोह किंवा अँटासिडसोबत गोळी घेतली तर ती नीट शोषली जात नाही. मधुमेहाच्या गोळ्या सुरू असल्यास साखर तपासत राहावी. पोटरी किंवा टाच दुखू लागली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना कळवावे.

आणि सूज असताना पीएसए ही रक्तचाचणी करून कर्करोगाच्या भीतीने झोप उडवून घेऊ नये. संसर्गात हा आकडा वाढतोच. उपचार संपल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तो पुन्हा तपासतात.